मोफत सॉफ्टवेअरची तुलना करताना

महोदय,

संगणकासाठी उपयुक्त मोफत सॉफ्टवेअरच्या याद्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत वरचेवर छापून येतात. त्यांत ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कोणालाही तपासता येतो अशी, आणि नुसती फुकट मिळणारी सॉफ्टवेअर एकाच रांगेत बसवली जातात व तुलना होते ती सोयींच्या संख्येवर. ते सॉफ्टवेअर अद्ययावत कसे राहते आणि त्यात साठवलेली माहिती उद्या दुसरीकडे नेता येईल का, हे क्वचितच सांगितलेले असते.

पासवर्ड सांभाळणारी कीपास आणि कीपासएक्ससी ही जोडी घ्या. दोन्ही ओपन सोर्स आहेत, दोन्ही पासवर्ड आपल्याच संगणकावर कुलूपबंद फाइलीत ठेवतात आणि ती फाइल दोहोंत एकाच, केडीबीएक्स, प्रकारची असते; त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना काहीही नव्याने टाइप करावे लागत नाही. २००३ पासून उपलब्ध असलेले कीपास मुळात विंडोजसाठी घडवलेले आहे आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड आपोआप भरण्यासाठी त्याला वेगळे प्लगइन, म्हणजे पूरक छोटे सॉफ्टवेअर, जोडावे लागते. कीपासएक्ससी विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर सारखेच चालते आणि ब्राउझरशी जोडणी त्यात आधीच आहे. २०२३ मध्ये कीपासच्या दुसऱ्या मालिकेत असा दोष आढळला, की टाइप केलेल्या मुख्य पासवर्डचे अवशेष संगणकाच्या मेमरीत राहत आणि त्यांतून पहिले अक्षर वगळता उरलेला पासवर्ड जुळवता येई. त्याच वर्षी जूनमध्ये २.५४ या आवृत्तीत तो दूर झाला. कीपासएक्ससीमध्ये तो नव्हताच. कीपास यामुळे टाकाऊ ठरत नाही, जाणकारांसाठी त्याच्या प्लगइनांचा साठा मोठाच आहे, पण घरच्या वापरासाठी मी निःशंकपणे कीपासएक्ससी सुचवीन.

फाइली दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपची गोष्ट निराळी. १९९९ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर आकाराने लहान आहे, त्याचा मेनू मराठीतही मिळतो आणि पीझिपसारखे देखणे सॉफ्टवेअरही आतून बरेचसे काम त्याच्याकडूनच करून घेते. मात्र ते स्वतःहून अद्ययावत होत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज सावधगिरीची खूण ठेवते. ती खूण चुकवता येण्याचा एक दोष सेव्हन-झिपच्या २४.०९ या आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, दुरुस्त झाला. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या संगणकावर मात्र परवापर्यंत २०१९ ची आवृत्ती होती. सभासदांची कागदपत्रे ईमेलने झिप करून येतात आणि ती त्याच संगणकावर उघडली जातात, याची मला आजही काळजी वाटते. दुरुस्ती फुकट उपलब्ध होती, फक्त ती घ्यायला हवी हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते.

याद्यांत डाउनलोडचा अधिकृत पत्ताही हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलवर कीपासची बनावट जाहिरात दिसत होती. तिच्या पत्त्यात इंग्रजी 'के' अक्षराखाली केवळ एक बारीक चिन्ह जास्त होते आणि तेथून घातक फाइल उतरवली जाई. तेव्हा आपण अशी यादी छापाल त्या वेळी प्रत्येक नावापुढे अधिकृत संकेतस्थळ, शेवटच्या आवृत्तीची तारीख आणि ते स्वतःहून अद्ययावत होते की नाही, एवढा मजकूर अवश्य द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा