'मोअर बेटर'खालच्या लाल रेघेसाठी

आदरणीय बाईंना सादर प्रणाम.

दहावीच्या वर्षी माझ्या निबंधातील 'मोअर बेटर' या शब्दांखाली आपण लाल रेघ ओढलीत, पण वर्गासमोर उभे न करता मधल्या सुट्टीत बोलावून विचारलेत, "हे तू मनात मराठीत कसे म्हणालीस?" मी म्हटले, "अधिक चांगले." मराठीत तुलनेसाठी विशेषणाचे रूप बदलत नाही, ते काम 'पेक्षा', 'अधिक' आणि 'सर्वांत' हे शब्द करतात, म्हणून 'बेटर'मध्ये आधीच असलेले 'अधिक' मी पुन्हा जोडले होते, हे आपण शांतपणे उलगडून दाखवलेत. माझ्या चुका अनेकांनी दुरुस्त केल्या होत्या. चूक कुठून आली, हे सांगणाऱ्या आपण पहिल्याच. त्याबद्दल हे जाहीर आभार.

त्याच सुट्टीत, रिकाम्या वर्गातील फळ्यावर आपण 'तारतम्य' हा शब्द लिहून त्यातील 'तर' आणि 'तम' सुटे केलेत. लघु, लघुतर, लघुतम म्हणजे शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्टच की! पुढे 'ज्येष्ठ', 'श्रेष्ठ', 'कनिष्ठ' या शब्दांतील संस्कृत 'इष्ठ' आणि इंग्रजीतील 'एस्ट' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत, असे आपण सांगितलेत, तेव्हा इंग्रजीची माझी भीती खऱ्या अर्थाने ओसरली. 'श्रेष्ठ' हे मुळात तमभाववाचक, म्हणजे 'सर्वांत' हा अर्थ सांगणारे रूप असूनही ती जाणीव पुसट झाल्याने आपण सहज 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, हे कळल्यावर तर माझ्या 'मोअर बेटर'ची लाजही उरली नाही.

'गुड'चे 'गुडर' का होत नाही, या माझ्या प्रश्नावर आपण 'जाणे'चा भूतकाळ विचारलात. 'गेला' म्हणताच उत्तर मिळाले, कारण तिथेही दोन निराळ्या धातूंची रूपे एकाच क्रियापदात नांदतात. बोर्डासाठी 'नो अदर'ची वाक्यांतरे, म्हणजे तुलनेचे वाक्य अर्थ न बदलता 'नो अदर'ने सुरू करून लिहिणे, पुढे घोटावी लागलीच, पण ती जड गेली नाहीत.

आता मीही इंग्रजी शिकवते. परवा एका मुलाने 'सीनियर दॅन मी' असे लिहिले. 'सीनियर' हा शब्द लॅटिनमधून तरभावाच्या, म्हणजे 'अधिक' हा अर्थ सांगणाऱ्या रूपातच आला आणि त्याच्यापुढे 'टू' येतो, हे सांगण्याआधी मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि आपलाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा."

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी