बाबा, कोटेशनवर सही करायच्या आधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं सेंट्रल एसीचं कोटेशन नीट वाचलं. फोनवर हे सगळं सांगायला घेतलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. लोकांच्या इमारतींत एसी बसवून घेणं हे माझं रोजचं काम आहे. तेच आपल्या प्रतापनगरच्या घरात होणार, तर त्यात काही कच्चं राहू नये असं फार वाटतं.

आधी एक बोलते. "आयुष्य कूलरवर काढलं, आता हे कशाला?" असं तुम्ही म्हणता. कूलर आपल्याकडे चालतो, कारण नागपूरचा मे महिना कोरडा असतो. पाणी भराभर उडतं आणि हवा गार होते. पण मृगाचा पाऊस पडला की हवेत दमटपणा येतो आणि मग तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. दुसरं म्हणजे वय. वय वाढलं की तहान लागलेली कळत नाही, घाम कमी येतो, अंगातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. मागच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाळ्याच्या नऊ दिवसांत, तुम्हाला चक्कर आली ती उन्हात नव्हे, घरात, दुपारी. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ पर्यंत गेला होता, तेव्हाही तुम्ही दुपारी स्कूटरवर बर्डीच्या बाजारात जाऊन आला होतात. आता ते नको.

बेडरूममध्ये एक स्प्लिट लावून भागलं असतं, पण आई तिथे बसणार आहे का? तिची दुपार स्वयंपाकघर, देवघर आणि पॅसेज यांतच जाते. म्हणून सगळ्या घराला डक्ट, म्हणजे छताखालून प्रत्येक खोलीत गार हवा नेणाऱ्या वाहिन्या, हे मला पटतं.

आता कोटेशन. कॉन्ट्रॅक्टरने ८.५ टनाचं युनिट सुचवलंय. हा आकडा कुठून आला ते विचारा. खोल्यांची मापं, स्लॅब, पश्चिमेची भिंत, खिडक्यांच्या काचा, घरात राहणारी माणसं असं सगळं धरून हीट लोडचा, म्हणजे घरातून किती उष्णता काढावी लागेल त्याचा, हिशोब करतात, तो कागदावर मागा. तुम्ही दिलेल्या मापांवरून मी केला, तर ५.५ टन पुरतं. पण त्यासाठी गच्चीवर आधी पांढरा उष्णतारोधक रंग लावून घ्यायचा आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून हिरवी जाळी किंवा चिकाचे पडदे टाकायचे. मोठं युनिट घेतलं की घर पटकन गार होतं, कॉम्प्रेसर बंद पडतो, थोड्या वेळात पुन्हा सुरू होतो. मे महिन्यात ते फारसं जाणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवेतली ओल काढायला त्याला सलग चालावं लागतं, आणि तेच होत नाही. घर गार पण दमट राहतं, आणि आईच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही.

कॅटलॉगमध्ये जी क्षमता छापलेली असते ती सहसा बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे ४५ ला ती कमी भरते. ४६ अंशांना केलेल्या चाचणीचे आकडेही कंपन्यांकडे असतात, ते मागून घ्या. माझा हिशोब त्या आकड्यांशी जुळवूनच पक्का करू.

बाहेरचं युनिट ते गच्चीच्या मधोमध ठेवायचं म्हणतात. नको. तापलेल्या स्लॅबवर, दिवसभर उन्हात, ते आधीच गरम झालेली हवा ओढणार. उत्तरेच्या बाजूला विहिरीजवळ जी मोकळी जागा आहे तिथे ओटा करून ठेवा. वर सावली चालेल, पण गरम हवा बाहेर फेकायला समोर मोकळं हवं. पेरूच्या फांद्या तेवढ्या छाटाव्या लागतील, आईला आधीच सांगते.

डक्ट फॉल्स सीलिंगच्या आत जाणार आणि तिथे स्लॅबखाली भट्टीसारखी हवा साठते. त्यामुळे डक्टवरचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, आणि सगळे जोड हवाबंद करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो मला पाठवायला लावा, कारण एकदा पीओपी झालं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

रिटर्न एअरची जाळी, म्हणजे जिथून घरातली हवा परत मशीनकडे ओढली जाते ती, त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी दाखवली आहे. ती तिथून हलवायलाच हवी. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ त्यातून थेट कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्यांवर, जाऊन बसेल, वर धूळ चिकटेल, आणि वर्षभरात कॉइल चिकट होईल. जाळी पॅसेजच्या भिंतीत, बाबा, तुमच्या खांद्याच्या उंचीवर घ्या. डक्ट खाली आणायला थोडा खर्च वाढेल, तो मी देते. फिल्टर उभ्या-उभ्या काढता आला पाहिजे. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, ही माझी अट आहे.

पाण्याच्या पाइपाला उतार किती दिलाय ते पाहायचंच, पण त्याची खरी परीक्षा मे महिन्यात होत नाही, कारण कोरड्या हवेतून पाणी फारसं निघतच नाही. ते निघतं जुलैमध्ये, म्हणजे बसवणारे पैसे घेऊन गेल्यावर. म्हणून काम संपायच्या दिवशी आतल्या ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतायला लावा आणि ते बाहेर पडताना स्वतः बघा. ट्रे भरला तर मशीन बंद करणारा फ्लोट स्विचही कोटेशनमध्ये लिहून घ्या.

तांब्याच्या पाइपांचं काम मी येऊन बघते. गळती तपासायला त्यात आधी नायट्रोजन वायू भरून कंपनीच्या पुस्तकातल्या दाबावर एक दिवस ठेवायचं असतं. रात्री हवा थंडावली की दाबाचा काटा थोडा उतरतो, त्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो जागेवर आला पाहिजे. मग पंपाने पाइपातली हवा आणि ओल काढायची, मीटरवर ५०० मायक्रॉनपर्यंत (हा आकडा जितका कमी, तितकी आत हवा कमी). पंप बंद केल्यावर तो आकडा टिकतो का ते बघायचं आणि मगच गॅस सोडायचा. घाईतली माणसं हे दोन्ही टाळतात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जातो.

तीन फेजचं मीटर आणि मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे आत्ताच द्या. ऐन एप्रिलमध्ये धावपळ नको.

सर्व्हिसिंगचं पुढे चालू ठेवायचं आहे, म्हणून तेवढं नीट वाचा. गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. दरवर्षी कुणी "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणालं तर आधी विचारायचं, गळतोय कुठे? गळती न शोधता गॅस भरू द्यायचा नाही. मोठी सर्व्हिस फेब्रुवारीत, तुम्ही कूलरच्या ताट्या बदलायला काढायचात त्या सुमाराला. त्यात बाहेरच्या युनिटच्या जाळ्या पाण्याने धुणं, आतली कॉइल साफ करणं, वायरींचे स्क्रू आवळणं. पावसाळ्याआधी पाण्याचा पाइप एकदा फ्लश करायचा, त्यात शेवाळ धरतं. फिल्टर मात्र धुळीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी, नळाखाली धरून, सावलीत वाळवून. वार्षिक करारात काय येतं आणि कशाचे पैसे वेगळे लागतात, ते लेखी घ्या.

आई, तुला गार वारं सोसत नाही, माहीत आहे. सव्वीसवर ठेव आणि छताचा पंखा हळू लाव, एवढं पुरतं. देवघरावरची गार हवा सोडणारी जाळी मी भिंतीकडे वळवायला सांगते, म्हणजे निरांजन विझणार नाही. आणि वाळ्याचा कूलर विकू नका. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर सेंट्रल एसी चालणार नाही, कूलर चालेल. तेव्हा खिडकी उघडून तो लावायचा; एसी चालू असताना मात्र नाही, नाहीतर त्याचं सगळं पाणी एसीलाच काढत बसावं लागेल.

बाबा, त्या कॉन्ट्रॅक्टरला हीट लोडचा कागद आणि बदललेलं कोटेशन मागा. आले की मला व्हॉट्सअॅप करा, तोवर अ‍ॅडव्हान्स देऊ नका. पाइपांच्या टेस्टची तारीख ठरली की त्याप्रमाणे रजा टाकून येते.

तुमची,
लेक