कुंद्याचा डबा माझ्याकडे आहे

पुणे, १२ ऑक्टोबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कपाटातला तुमच्या गोळ्यांचा डबा, तो कुंद्याच्या मिठाईचा जुना, शोधत बसू नका. तो माझ्याकडे आहे. रविवारी तुम्ही जेवून आडवे झाला होता, आई परसात भांडी घासत होती, तेव्हा मी तो उचलला, बॅगेत साडीखाली घातला आणि संध्याकाळची गाडी धरली. विचारलं असतं तर तुम्ही दिला नसता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर मला तो उचलवला नसता. निपाणी येईपर्यंत पोटात गोळा होता. सहावीत तुमच्या कोटाच्या खिशातून आठ आणे घेतले होते, अगदी तसा. तेव्हा तुम्ही रागावला नव्हता. खिशात हात घालून नुसतं माझ्याकडे बघितलं होतं. आत्ताही तसंच बघत असाल.

रागवा, पण आधी ऐकून घ्या.

काल रात्री डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. लहानमोठी बावीस पाकिटं निघाली. काहींची कडा कात्रीनं कापलेली, त्याबरोबर नाव गेलेलं, तारीख गेलेली. एका पाकिटावर तुमच्या अक्षरात ‘सूज’ असं लिहिलंय, दुसऱ्यावरही ‘सूज’च. वळणदार अक्षर, वेलांटी जागच्या जागी. पण बाबा, त्या दोन गोळ्या निराळ्या आहेत. एक जुन्या डॉक्टरांची, नुसत्या फ्युरोसेमाइडची. दुसरी हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली, जिच्या एकाच गोळीत टोर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी दोन औषधं आहेत. फ्युरोसेमाइड आणि टोर्सेमाइड ही एकाच घरातली सख्खी भावंडं. नावं वेगळी म्हणून तुम्ही दोन्ही घेत राहिला: एक सकाळी, आणि पाय जड वाटले की दुसरी. लघवी होते, सूज उतरते, बरं वाटतं, मग चूक कुठं झाली असं तुम्ही दवाखान्यात डॉक्टरांनाच विचारत होता.

ते घाईत होते, इंग्रजीत बोलून गेले. मी आपल्या भाषेत सांगते. रोपाच्या खाचरात पाणी जास्त झालं की तुम्ही बांध फोडून देता. टोर्सेमाइडचं काम तेच. किडनीतून मीठ आणि पाणी बाहेर काढायचं. पण पाण्याबरोबर खतही वाहून जातं, तसं अंगातलं पोटॅशियम जातं. म्हणून जोडीला स्पायरोनोलॅक्टोन. ते थोडं पाणी काढतं, पण पोटॅशियम धरून ठेवतं. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं राखायचं. तुमच्या हार्टचं पंपिंग कमी आहे, त्यालाही दुसऱ्याचा फायदा होतो. गोळी चांगलीच आहे, बाबा. गोळीला मी नावं ठेवत नाही.

आता जे लिहायला मला चार दिवस लागले ते लिहिते. ते ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून आणलेलं लो सोडियम मीठ मी आणलं होतं. पाकिटावर हृदयाचं चित्र होतं, इथल्या दुकानात साध्या मिठापेक्षा महाग होतं, आणि महाग म्हणजे चांगलं असं मला वाटलं. दर फेरीला दोन पुड्या आणत होते. आई, तू म्हणालीस, ‘चव जरा कडसर लागते गं,’ आणि मी तुला गप्प केलं. त्या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. बाबा, तुम्ही भाताला म्युरेट ऑफ पोटॅश टाकता ना, तेच हे. राखणदार औषध पोटॅशियम धरून ठेवत होतं, बीपीची टेलमिसार्टनही थोडं धरून ठेवते, आणि वरून रोज दोन वेळा मी पोतं ओतत होते. भर म्हणून परसातलं शहाळं. त्याच्यावर गुडघ्याची डायक्लोफेनॅक, जी तुम्ही मेडिकलमधून सुटी आणत होता. त्या गोळीनं किडनीवर ताण येतो आणि सुजेच्या गोळीचा जोरही कमी होतो. वर दोन-दोन गोळ्यांनी पाणी जास्त गेलेलं. त्यामुळेच अनंत चतुर्दशीला तुमचे पाय पायरी चढेनात. रक्तात पोटॅशियम सहा पॉइंट चार. साधारण साडेतीन ते पाच असायला हवं. एवढं वाढलं की हार्टचे ठोके चुकतात. शेजारच्यांची जीप दारात होती म्हणून.

तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय की पोरीनं वाचवलं. ते सांगू नका.

डबा का आणला तेही सांगते. डॉक्टरांनी आता तीच गोळी कमी ताकदीची दिलीय. पाकिटाचा रंग तोच, नाव तेच, पुढचा आकडा तेवढा वेगळा. डब्यात जुन्या ताकदीची अडीच पाकिटं होती. चाळिशी सापडली नाही की तुम्ही रंगावरून गोळी काढता, मी बघितलंय. डबा घरात राहिला असता तर आठ दिवसांत जुनी गोळी पोटात गेली असती. फेकायच्या नाहीत, पैसे पडलेत, हा तुमचा हिशोब मला पाठ आहे. पैसे मी देते. दादालाही विचारलं, तो वास्कोहून म्हणाला, ‘आण तू, मी त्यांच्याशी बोलतो.’ तो बोलला नसणार.

येळ्ळूरला येऊन राहा म्हणता, ते आत्ता जमणार नाही. पोराची दहावी आहे. हे मी सबब म्हणून सांगते की खरंच आहे, माझं मलाही कळत नाही. पण तुम्हाला एकटं टाकलंय असं समजू नका. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत बल्ब लावून घेतलाय, तो रात्रभर जळू दे, बिल माझ्याकडे येतं. परसातल्या शेवाळलेल्या फरशीवर गवंडी येऊन खरबरीत सिमेंट करून जाईल, पैसे दिलेत. पलंग भिंतीपासून ओढून घेतलाय, दोन्ही बाजूंनी उतरता येईल. उतरताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. या गोळीनं बीपी उतरतं, झटक्यात उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. बसल्या बसल्या खिडकीतून राजहंसगड बघा. पावसाळ्यात मला सायकलच्या दांडीवर बसवून, स्वतःचं इरलं माझ्यावर घालून शाळेत सोडत होता, तेव्हा ढगात गेलेला गड कुठं आहे ते तुम्ही बोटानं दाखवायचा आणि मला दिसायचा नाही. मी ‘दिसला, दिसला’ म्हणायची. आज कबूल करते.

आता आई, तुला. बाबा ऐकणार नाहीत म्हणून तुला.

गोळी सकाळी नाष्ट्यानंतर. रात्री नको. औषध झोपताना घ्यायचं हे तुझं जुनं गणित इथं चालत नाही. रात्री चार-चारदा उठून ते अंधारात परसात जात होते ते त्यामुळंच. विसरली तर दुपारी दोन-तीनपर्यंत चालेल, त्यानंतर त्या दिवशीची सोडून दे. दुसऱ्या दिवशी दोन देऊ नकोस. सूज जास्त दिसली तरी दोन नकोत. एका गोळीत दोन औषधं आहेत, दोन घेतल्या की दोन्ही दुप्पट होतात. बेळगावला लग्नाला जायचं, बसमध्ये लघवीची पंचाईत, म्हणून बाबा गोळी चुकवतात ते मला ठाऊक आहे. लवकरचं लग्न असेल तर घरी परतल्यावर दुपारी घ्यावी. नेहमीच जाणं-येणं असेल तर वेळ डॉक्टरांकडून बदलून घेऊ, पण आपल्या मनानं बंद नको.

वजनकाटा पाठवलाय. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत उभं राहायचं आणि आकडा हिशोबाच्या वहीत लिहायचा. बाबा, हे काम तुमचं. चाळीस वर्षं मुलांचे मार्क मांडले, हे एवढं जमेल. एका दिवसात किलोभर वाढलं किंवा आठवड्यात दोन किलो, तर पाणी साचतंय, डॉक्टरांना फोन. भराभर उतरलं, तोंड कोरडं, चक्कर, तरी फोन. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी गिळण्याआधी फोन. ओआरएसची पुडीही विचारल्याशिवाय नको, त्यातही पोटॅशियम असतं. आणि आडवं पडल्यावर दम लागला, छातीत धडधडलं, पाय पुन्हा तसे लुळे वाटले, तर मला फोन करत बसू नका. जीप काढायला सांगा. मला नंतर.

आई, मीठ साधंच वापर, पण हात आखडून. लोणचं, पापड, सांडगे बंद. खर्डा वाटताना ‘यांचा वेगळा’ म्हणतेस आणि दोन्हीत सारखंच मीठ घालतेस, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिवाळीत चकल्या माझ्या हातानं करीन, रागवू नकोस.

अजून एक, हे बाबांना वाचून दाखवू नकोस. छातीला कपडा लागला तरी दुखतं असं ते तुला म्हणाले आणि डॉक्टरांसमोर गप्प बसले. स्पायरोनोलॅक्टोननं पुरुषांना तसं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बदलून दुसरं औषध देता येतं. पुढच्या खेपेला तू सांग, नाहीतर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकव.

बाबा, गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल असं डॉक्टर म्हणालेत, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच. मेडिकलवाल्याला मी सांगून आलेय की चिठ्ठीशिवाय तुम्हाला दुखण्याची गोळी देऊ नको. गावात माझी अब्रू गेली असेल तर जाऊ दे. आणि सुजेला तुम्ही ८६ सालच्या सीमा आंदोलनातल्या लाठीचं नाव पुढं करता, ते आता पुरे. लाठी डाव्या पायावर बसली होती. सूज दोन्ही पायांना आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला जायचं असेल तर काळी फीत लावून कोपऱ्यापर्यंत चालत जा, सायकल नको. त्या दिवशीही गोळी घ्यायची.

गुरुवारी सकाळी साडेसातला रक्ताला मुलगा येईल. पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते. गोळीची ताकद बदलली की आठवड्याभरात हे बघावं लागतं, मग डॉक्टर सांगतील तसं. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर येईल. बाबा, त्याला उलटसुलट प्रश्न विचारा, पण हात पुढं करा.

दिवाळीला येताना डबा परत आणते, घासून, रिकामा. त्यात पाहिजे तर तुमचे सुटे पैसे ठेवा.

आई, त्या मिठाच्या उरलेल्या दोन पुड्या तू फडताळात वरच्या फळीवर सरकवल्यास, टाकवत नाहीत म्हणून. परसातल्या नारळाच्या बुडात घाल. नारळाला मीठही चालतं आणि पोटॅशही. शहाळी मी आले की मी पिईन.

तुमची,
सुमी