काका, तुम्ही सगळं परत बिघडवून ठेवलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे तोंडानं सांगायला आले असते तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा मागवला असता आणि विषय बदलला असता. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. नाव घालू नका म्हणालात, ते पाळते. शाहूपुरीतल्या त्या गल्लीत ज्यांनी कधी अँप्लिफायर दुरुस्तीला टाकलाय त्यांना कळेलच मी कुणाबद्दल बोलतेय.

आमच्या नाटकाचं पार्श्वसंगीत पुरं झालं. काल तालमीत पहिल्यांदा सलग वाजवलं आणि कुस्तीचा प्रसंग संपला तेव्हा कुणी काही बोललंच नाही. मग हलगीवाले दादा म्हणाले, "आता बसलं." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मी किती तळमळत होते ते तुम्हाला माहीत आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा आमच्या ग्रुपमधली निम्मी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू, आमच्यातल्या बहुतेकांनी पहिलं पाऊल तिथंच टाकलेलं. त्यानंतरचं हे आमचं पहिलं नाटक. तालमीतल्या एका पैलवानाची गोष्ट. खासबागेत कुस्ती लागली की जी हलगी कडाडते ती खरीच हवी, कीबोर्डमधली नको, यावर मी आणि दिग्दर्शक दोघंही ठाम होतो. दादा घरी आले, गच्चीवर जाळ करून हलगी तापवली, कानाला हेडफोन लावून मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत मन लावून वाजवून गेले. तिच्याखाली माझ्या कीबोर्डच्या, म्हणजे सिंथेसायझरच्या, सिक्वेन्सरमध्ये (भरलेले सूर आपोआप वाजवणारा भाग) भरलेला खर्जाचा पॅटर्न चालवायचा होता. कॉम्प्युटरवर ९६, सिंथवर ९६. पहिलं मिनिट झकास. पुढं कुस्ती रंगात येईल तसतशी हलगी एकीकडे आणि खर्ज दुसरीकडे. त्यात भर म्हणजे मी पट्टी एकदा दाबायची आणि सूर दोनदा उमटायचा.

यासाठी मी कुणाकुणाकडे गेले ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. जिथून कीबोर्ड घेतला तिथं सांगितलं, "हे मॉडेल त्यासाठी नाही, वरचं घ्या." कीबोर्ड चालू करून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. एका कॉम्प्युटरवाल्यानं विंडोज मारून दिलं, पैसे घेतले, माझी जुनी रेकॉर्डिंग उडाली ती उडालीच, आणि लय तिथंच घसरायची जिथं आधी घसरत होती. आणि एका स्टुडिओत, जिथं मी फार आशेनं गेले होते, तिथल्या गृहस्थांनी माझा प्रत्येक प्रश्न ऐकून घेतला आणि प्रत्येक उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. नवरा बिचारा बँकेत आहे, त्याला काळी पट्टी पांढरी पट्टी एवढंच कळतं. तो फक्त कीबोर्ड उचलायला आला होता. "मॅडमना सांगा, हे जरा टेक्निकल आहे." मॅडम समोर बसलेल्या. वयाच्या आठव्या वर्षापासून पेटी वाजवणाऱ्या. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही.

तुमच्याकडे आले तेव्हाही तो बरोबर होता, आणि मी मनातून तयारीनंच आले होते. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत आणि मला विचारलंत, "काय वाजवताय ताई? वाजवून दाखवा की."

बाकी कुणीच वाजवून दाखवा म्हटलं नव्हतं, काका.

तुम्ही सोल्डरिंगची गन बाजूला ठेवलीत, डोळे मिटलेत आणि पूर्ण तुकडा ऐकलात. टेबलावर बोटानं ठेका धरला होता. ज्या क्षणी खर्ज सुटला त्या क्षणी बोट थांबलं. मग म्हणालात, "दोघंबी आपापल्या घड्याळानं चाललेत. भजनात टाळकरी कितीबी असू देत, लय एकानंच धरायची असती."

मग जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. सिंथ आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरीतून आवाज जातच नाही, मिडी नावाच्या भाषेत फक्त निरोप जातो: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. लयीचाही निरोप असतो, एका मात्रेला २४ टिक, म्हणजे ९६ च्या लयीत सेकंदाला ३८ च्या वर. रीपर, म्हणजे माझं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते टिक पाठवायला तयार आहे, पण पाठव म्हणून सांगावं लागतं. आणि सिंथ ते ऐकायला तयार आहे, पण स्वतःचं घड्याळ सोडून बाहेरचं धर म्हणून त्यालाही सांगावं लागतं. दोन्ही पडद्यांवर ९६ दिसलं म्हणून दोन्ही यंत्रं अगदी तंतोतंत ९६ ला चालतात असं नाही. मिनिटाला मात्रेचा दहावा भाग जरी फरक राहिला तरी तीन मिनिटांत तो पाव मात्रेच्या वर जातो. हलगीच्या कडाडीत पाव मात्रा म्हणजे लहान पोरालाही कळेल. आणि तो दोनदा उमटणारा सूर? पट्टी दाबली की सिंथ स्वतः वाजायचा, तोच निरोप कॉम्प्युटरला वळसा घालून परत आला की पुन्हा वाजायचा. लोकल कंट्रोल, म्हणजे पट्टी दाबली की सिंथनं थेट वाजायची सोय, ऑफ केलं, संपलं. नवीन मॉडेल नाही, विंडोज नाही, काही नाही.

हे सगळं तुम्ही पाच-दहा मिनिटांत बसवलंत. तुकडा वाजला, हलगीखाली खर्ज असा चिकटून चालला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पर्स उघडली. आणि तुम्ही काय केलंत? एकेक करून सगळं होतं तसं चुकीचं करून ठेवलंत. रीपरमधली टिक पाठवायची खूण काढलीत, सिंथचं घड्याळ परत आतलं केलंत, लोकल ऑन केलंत, यूएसबीची वायरसुद्धा उपसलीत. मग स्टूल माझ्याकडे सरकवलंत, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, "आता तुम्ही करा."

मी केलं. मधेच अडले तेव्हा तुमचे हात पुढं आले नाहीत. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला "पाच मिनिटं थांबा, ताईंचं काम चाललंय" म्हणालात. माझं काम! तुमच्या दुकानात, तुमच्या टेबलावर, माझं काम. मला सापडलं, आणि पॅटर्न सुरू झाला तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावलीत. काका, त्या पाठीमागे बांधलेल्या हातांसाठी हे पत्र आहे. दुरुस्ती दुसऱ्या कुणी कदाचित केलीही असती. पण ती अशी केली असती की पुढच्या वेळी मला परत त्यांच्याच दारात जावं लागलं असतं. तुम्ही मला दारातून मोकळं केलंत.

चहा पिताना तुम्ही ती जुनी गोष्ट सांगितलीत, ती मी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितली. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ, प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६, एका वायरीनं जोडले आणि एक वाजवला की दुसरा वाजला. बाजारात एकमेकांशी टक्कर घेणारी माणसं, प्रॉफेटवाले अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि रोलंडवाले जपानचे इकुतारो काकेहाशी, या एका गोष्टीसाठी हातात हात घालून उभी राहिली. आणि मिडी वापरायला कुणाकडून रॉयल्टी घेतली नाही. २०१३ साली दोघांना मिळून टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आज दोघंही नाहीत, पण मंगळवार पेठेतल्या माझ्या माडीवर त्यांची वायर चालतेय. तुम्ही हे सांगताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होता. माणूस असा का वागतो ते मला तेव्हा थोडं कळलं. ज्याला स्वतःला काही तरी फुकट, मोकळ्या मनानं मिळालंय आणि ज्याला त्याची जाणीव आहे, तो पुढच्याला अडवून धरत नाही. असे लोक आपल्या गावात आहेत. पाटी लावत नाहीत, एवढंच. वखारीत आहेत, छापखान्यात आहेत, आमचे हलगीवाले दादा त्यातलेच. रेकॉर्डिंगचे पैसे विचारले तर म्हणाले, "नाटकाला माझं नाव लावा, बास."

तुम्ही फक्त वायरीचे पैसे घेतलेत, तेही मी टेबलावर ठेवून निघाले म्हणून. त्यावर आता वाद घालत नाही. पण प्रयोगाच्या श्रेयनामावलीत "ध्वनी साहाय्य" म्हणून तुमच्या दुकानाचं नाव द्यायचं आमच्या सगळ्यांचं ठरलंय. नको असेल तर तसं मला समोर सांगावं लागेल.

आणि एक अडलंय. तालमीत प्रसंग मधूनच सुरू करायला लागतो. तेव्हा कॉम्प्युटर बरोबर जागेवरून निघतो, पण सिंथचा पॅटर्न पहिल्यापासून सुरू होतो. जागेचाही निरोप पाठवता येतो असं वाचलंय, तो पाठवूनही बघितला, पण माझा सिंथ तो घेतो की नाही ते उमगत नाही. बुधवारी संध्याकाळी सहानंतर येते, कीबोर्ड घेऊन. या वेळी एकटीच. रिक्षातून उतरवायला तेवढा तुमच्या पोऱ्याला पाठवा.

तुमची,
मंगळवार पेठेतली कीबोर्डवाली ताई