अभंगांना निर्णयसागरी अक्षर द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आषाढीच्या पुरवणीत आपण दोन पानं भरून अभंग छापलेत, वाचून बरं वाटलं. पण त्यासाठी निवडलेलं नक्षीदार अक्षर पाहून जीव हळहळला. प्रत्येक काना-मात्रेला वेलबुट्टीसारखं शेपूट, हिंदी वळणाचे शेंडीफोड्या श आणि ल, आणि मथळ्यात तर ‘वारकऱ्यांचा’ शब्दातल्या अर्ध्या र चा चक्क रफार झालेला! माझी हयात वाईत छापखान्याचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवण्यात गेली, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

देखणं अक्षर हवं होतं तर ते, म्हणजे निर्णयसागरी अक्षर, आपल्याच मुंबईत घडलेलं आहे. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपाची फाउंड्री, म्हणजे खिळे ओतण्याचा कारखाना, काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरूंसारखा कसबी माणूस त्यांच्यासाठी पोलादावर अक्षरं कोरत होता. त्या अक्षरांची सगळी शोभा बोरूच्या तिरक्या टोकातून येते. रेघ वळणावर भरते, सुटताना निमुळती होते. द्ध, ह्म, ङ्क अशी जोडाक्षरं एकाखाली एक नेटकी बसतात, पाय मोडून उभी केलेली नसतात. त्याच छापखान्यातून १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत काव्यांच्या ग्रंथमालेचं जुनं पुस्तक कुणाकडे मिळालं तर जरूर उघडून पाहा. ओळभर लांबीचा समास असला तरी डोळा अडखळत नाही. आजही कुठल्या पडद्यावर मी इतकं सुंदर संस्कृत पाहिलेलं नाही.

म्हणून हे अक्षर सगळीकडे वापरा असं मी म्हणणार नाही. वृत्तपत्राच्या कागदावर आठ पॉइंटाच्या बारीक आकारात जोडाक्षरांची पोटं शाईने भरतात. बातमीला आणि राजकारणाच्या मथळ्याला साधं, ठसठशीत अक्षरच हवं. लग्नपत्रिकेतही कुलदैवताचं नाव आणि वधूवरांची नावं निर्णयसागरी वळणात शोभतात, कार्यालयाचा पत्ता नाही. श्लोक, ओव्या, अभंग, पुस्तकाचं नामपृष्ठ ही त्याची खरी जागा.

आता खिळे राहिले नाहीत, ही अडचणही उरलेली नाही. फिओना रॉस आणि जॉन हडसन या अक्षररचनाकारांचा ‘टायरो देवनागरी मराठी’ हा फाँट याच वळणाच्या जवळचा आहे आणि फुकट मिळतो. त्यात ल पाकळीचा आहे, श देठाचा आहे, म्हणजे दोन्ही मराठी वळणाचे. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयालाही हीच रूपं हवी आहेत.

कार्तिकीच्या पुरवणीत एक पान तरी असं छापून पाहावं, ही कळकळीची विनंती. अभंग सोळा पॉइंटांखाली नेऊ नका. ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळणार नाहीत.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त जुळारी, वाई (जि. सातारा)