ट्यूब दिली नाहीत, त्याबद्दल

आदरणीय मेडिकलवाले काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या काउंटरपुढे कधीही बघावं तर चार माणसं उभीच असतात, त्यामुळे तोंडी आभार राहून गेले. शिवाय सोलापुरात घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, त्यांचे हात मी बघते. त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

त्या दिवशी हातांच्या भेगांसाठी मी रिकामी ट्यूब पुढे करून "हीच द्या" म्हटलं. खाज, नायटा, इसब, सगळ्यावर चालते म्हणून शेजारणीने दिलेली. तुम्ही ती उलटी करून बारीक अक्षरं वाचलीत आणि परत माझ्या हातात ठेवलीत. यात तीन औषधं एकत्र आहेत, म्हणालात, एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टिरॉइड. आग थांबते ती स्टिरॉइडमुळे. बंद केलं की पुन्हा उसळते, आणि महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते. 2018 पासून अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हेही सांगितलंत. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या चौकात ती मिळालीही असती. पण तुम्ही "नाही" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला नाहीत, म्हणून मी थांबले.

वासाचं गुलाबी लोशन मी बोटाने दाखवलं, तेही तुम्ही दिलं नाहीत. त्यात बरंचसं पाणीच, आणि भेगांना तो वास झोंबेल. दिलीत ती सगळ्यात स्वस्त, बिनवासाची पेट्रोलियम जेली. ती लावायची कशी हे सांगायला मात्र वेळ घेतलात. हात कोमट पाण्याने धुवायचे, खसाखसा न पुसता टिपायचे आणि ओलसर असतानाच जेली लावायची. जेली ओलावा देत नाही, आहे तो अडवते. कोरड्या ठाक हाताला चोपडून अडवणार काय? अंगठी काढून ठेवायची, कारण साबणाचं पाणी तिच्याखाली अडकून बसतं. साबणाच्या वडीचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, 9-10 आणि आपल्या कातडीचा 5 च्या आसपास, म्हणजे दिवसभर भांडी घासणाऱ्या हाताची काय गत होत असेल, हे तुम्ही म्हणालात तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, त्यांच्या आत सुती, आणि आत घाम आला की लगेच काढायचे. रात्री जाड थर देऊन वर सुती मोजे. घरात सगळे हसले. मोजे घातलेल्या हातांनी अंधारात तांब्या शोधून बघा म्हणावं!

माझी जाऊ कुडाळची. तिकडे टाचांच्या भेगांना कोकमतेल लावतात, ते तिने पाठवलं होतं. तुम्ही म्हणालात, खुशाल लावा, तेही ओलावा अडवायचंच काम करतं. लिंबू-ग्लिसरीनमधलं लिंबू मात्र बंद करायला लावलंत.

पण खरे उपकार पुढचेच. दोन्ही हात काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला लावलेत. कोरडे दोन्ही होते, पण डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचीच टोकं फाटलेली, खवले निघालेले. "लसूण कुठल्या हाताने धरता?" असं विचारलंत, आणि उत्तराची वाट न बघता कातडीच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिलात.

कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायला डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवतात आणि दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मे महिन्यात, सोलापुरात! पट्ट्या काढल्या तेव्हा आणि पुन्हा दोन दिवसांनी पाठ तपासली, तर लसणाच्या जागी लालभडक. लसणातल्या डायअलाइल डायसल्फाइड नावाच्या द्रव्याने हे होतं म्हणे, आणि ते रबरी हातमोज्यांतूनही आत शिरतं. म्हणजे मोजे घालून लसूण सोलायचा माझा बेत तिथेच संपला. डॉक्टरांनीही थोडे दिवस स्टिरॉइडचंच मलम दिलं, पण कुठलं, किती आणि कधी थांबायचं ते लिहून. ते मी तुमच्याकडूनच नेलं. या वेळी चिठ्ठी बघून तुम्ही अवाक्षर न काढता दिलंत, याची मला फार मौज वाटली.

आता लसूण आमचे हे सोलतात आणि चटणीच्या दर घाण्याला ते ऐकवतात. ऐकवू देत. बोटांची टोकं मिटली आहेत, भाकरी थापताना पीठ भेगांत बसत नाही, आणि चटणीत तिखट मिसळताना डोळ्यांत पाणी येत नाही. थंडीत हात अजून कोरडे पडतात, तेवढं जेलीवर भागतं.

सोबत शेंगाचटणीची बरणी पाठवतेय. बीपीचं म्हणाला होतात, म्हणून मीठ कमी घातलंय. पैसे देऊ नका, घेणार नाही. जेलीचे मात्र तुम्ही सुटे पाच रुपयेसुद्धा सोडले नव्हते, हे लक्षात आहे माझ्या.

तुमची,
कडक भाकरीवाली