मोराइसलाही थोडी जागा द्या

महोदय,
पोर्तुगीज फुटबॉलपटू म्हटला की आपल्या क्रीडापानावर रोनाल्डो ठरलेला. फिलिप मोराइसबद्दल मात्र चार ओळीही वाचल्याचे आठवत नाही. पोर्तुगालमध्ये १९८५ साली जन्मलेला हा खेळाडू लंडनच्या चेल्सी क्लबच्या युवा संघात घडला, पण मुख्य संघात काही स्थिरावला नाही. २००६ मध्ये मिलवॉल, मग स्कॉटलंडची वारी, आणि पुढे ओल्डहॅम, स्टीव्हनेज, ब्रॅडफर्ड, बोल्टन, क्रॉली असे इंग्लंडमधले छोटे क्लब. बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखे दर एक-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणे!

पण एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतला २४ जानेवारी २०१५ चा चेल्सी-ब्रॅडफर्ड सामना पाहा. मैदान चेल्सीचेच, त्यांचा प्रशिक्षक नामांकित मोरिन्हो, संघ प्रीमियर लीग या सर्वोच्च स्तरावर अव्वल. ०-२ असा पिछाडीवर पडलेला ब्रॅडफर्ड तिसऱ्या स्तरावरचा. बरोबरीचा गोल केला मोराइसने, आणि ब्रॅडफर्डने सामना ४-२ असा जिंकला. ज्या क्लबने सोडून दिले, त्याच्याच अंगणात! त्यानंतरही तो खालच्याच लीगमध्ये खेळत राहिला. बोल्टनला २०१७ मध्ये बढती मिळाली तेव्हा तो त्या संघात होता.

रोनाल्डोच्या नव्या गाडीच्या बातमीऐवजी अशा खेळाडूंवर कधीतरी एखादा रकाना द्यावा, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर